पोळ्याच्या आठवड्यात, पार आणि आखर पाहत

बुधवार : नागपूर, वर्धा, सेवाग्राम

विदर्भातल्या एका छोट्या नगरपंचायतीनं मला बागेचा आराखडा करायला सांगितला आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती ग्रामपंचायतच होती. आजही तिथं सकाळी गुरं बाहेर पडतात आणि प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी शेतात असतंच. जागा जुन्या आठवडी बाजाराची, एकरभर. मागणीपत्रात लिहिलंय ते असं : ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, मुलांसाठी खेळणी, तरुणांसाठी ओपन जिम, महिलांसाठी बसण्याची वेगळी सोय, आणि चारही भागांना जाळीचं कुंपण. पहिल्या वाक्यात मात्र ‘सर्व पिढ्यांना एकत्र आणणारे उद्यान’ असं म्हटलंय. कुंपणं घालून माणसं एकत्र कशी येणार, हे काही मला उमजेना. म्हणून कागदावर रेघ ओढायच्या आधी खेड्यांतून फिरून यायचं ठरवलं. पोळ्याचा आठवडा मुद्दाम निवडला, कारण या दिवसांत विदर्भातलं गाव घरात थांबत नाही.

वर्ध्याच्या एसटीत शेजारी एक आजी आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू होता. कंडक्टरनं आजींना शून्याचं तिकीट दिलं, नातवाला अर्धं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना 2022च्या ऑगस्टपासून एसटी मोफत झाली आणि 2023च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. आजी म्हणाल्या, “आता म्या घरी राह्यतच नाई. पोराले म्हनलं, नातवाले दे माह्यासंगं, त्याले आत्याच्या घरी फिरवून आनतो.” पूर्वी भाड्याचे पैसे मुलाकडे मागावे लागत, ते आता नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 साली ज्येष्ठांना सोयीच्या शहरांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्या आठ विषयांत बाहेरच्या मोकळ्या जागा आहेत, तशी वाहतूकही आहे. बाग कितीही चांगली केली तरी तिथवर पोचता आलं नाही तर उपयोग काय? त्या बसमध्ये मला आजी-नातवंडांच्या तीन जोड्या दिसल्या, आणि गप्पांचा आवाज इंजिनापेक्षा मोठा होता.

सेवाग्रामला दुपारी पोचले. गांधीजी 1936 साली या शेगावात राहायला आले, पुढं 1940मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आदिनिवास, बापूकुटी, बा कुटी यांच्या मातीच्या भिंती आणि ठेंगणी ओसरी मी विद्यार्थिदशेपासून पाहत आले आहे. या वेळी मात्र घरांपेक्षा मधलं अंगण पाहायचं होतं. प्रार्थनेची जागा म्हणजे उघडं अंगण आणि गांधीजींनी 1936 साली लावलेला पिंपळ. चौथरा नाही, मंच नाही, कठडा नाही. संध्याकाळी प्रार्थनेला आश्रमातली वृद्ध मंडळी आली, कुठल्या तरी शाळेची सहल आली होती तीही आली, आणि सगळे एकाच पातळीवर जमिनीवर बसले. गुडघे दुखणाऱ्या दोघांना खुर्च्या मिळाल्या, पण त्या ओळीतच, मागं नाही. मुलं पाच मिनिटं चुळबुळली आणि मग आवाजात आवाज मिसळून म्हणू लागली.

मला तिथं जागेइतकीच वेळ महत्त्वाची वाटली. रोज ठरल्या वेळी तिथं काहीतरी होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडं बागा बांधतात, पण त्यात रोज काय होणार याचा विचार कोणी करत नाही. पलीकडंच नई तालीमचा परिसर आहे. 1937च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून निघालेला, हातानं काम करत शिकायचा तो विचार. आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेतीकाम, स्वयंपाक, सूतकताई करतात. हात कामात असले की वयातलं अंतर कमी होतं, असं मला वाटत होतं. खात्री करायची होती.

गुरुवार : पोळ्याच्या आदल्या दिवशी

सेलू तालुक्यातल्या एका गावात मैत्रिणीच्या सासरी उतरले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते कुणा एका गावाचं नाही.

गावाच्या मधोमध जुना कडुनिंब आणि त्याला पार. हा पार दोन-तीन वर्षांपूर्वी ‘सुशोभित’ झाला. जुन्या दगडी चौथऱ्यावर विटांचे थर चढवून वर चकचकीत फरशी बसवलीय, खोडाभोवती स्टीलची जाळी. टेप लावून पाहिला. दगडाचा जुना थर जमिनीपासून 42 सेंटिमीटर, नवा पार 71. माणसाला टेकायला सोयीची उंची साधारण 45 सेंटिमीटर असते. सत्तरच्या वर गेली की म्हाताऱ्या माणसाला दोन्ही हातांनी अंग उचलावं लागतं, आणि उतरताना तर पाय जमिनीला लागतच नाहीत. पारावर सकाळी दहा वाजता सहा-सात पोरं बसली होती, कारण तिथंच मोबाइलला रेंज येते. रस्त्याच्या पलीकडं बंद किराणा दुकानाच्या पायरीवर तीन वृद्ध. मी त्यातल्या एका काकांना विचारलं, “काका, पारावर काहून नाही बसत?”

“चढता येते काय मले?” ते म्हणाले. “अन् चढलो, त उतरतानी कोन धरन? पोट्टे त मोबाइलातच हायेत.”

“आधी बसत होता?”

“आधी त झोपत होतो बाई. दुपारभर. दगड थंडा राहे.”

त्यांनी ‘थंडा’ म्हटलं ते अगदी खरं आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. सावलीतल्या दगडाला मातीचा ओलावा मिळतो, चकचकीत फरशी मात्र कडेच्या उन्हानं तापते आणि पावसात निसरडी होते. श्रावणातल्या रिमझिमीत मी स्वतः त्यावर जपून पाय टाकत होते. खर्च झाला, फोटोही निघाले असतील, आणि ज्यांचा तो पार होता ते रस्त्याच्या पलीकडं गेले.

शाळेमागं बाग आहे. घसरगुंडी, झोके, कडेनं ओपन जिमची सहा यंत्रं. फाटकाला कुलूप. चावी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं आणि शिपाई तालुक्याला. पण कुंपणाची जाळी एका कोपऱ्यात वाकवून वाट केलेली होती. त्या वाटेनं मुलं येत-जात होती, आणि मुलांमागून एक आजीही आत शिरून व्यायामाच्या यंत्रावर बसल्या होत्या. पाय लोटायचं यंत्र असतं ना, त्याच्या खुर्चीवर. म्हणाल्या, पाठ टेकायला गावात ही एकच जागा आहे. मांडीवर निवडायची मेथीची जुडी, समोर झोक्यावर दोन नाती. मी वहीत लिहिलं : पाठ, हात टेकायला दांडी, आणि नजरेसमोर मूल. एका बाकाकडून आणखी काय पाहिजे?

अंगणवाडीसमोरही तेच. पोचवायला येणारे बहुतेक आजोबा, कारण आई-बाप निंदणाला गेलेले. घरी जाऊन पुन्हा यायचा कंटाळा, म्हणून ते तिथंच थांबतात. उभे, भिंतीला टेकून, पावसात छत्री धरून. सिंगापूरला कम्पुंग ॲडमिरल्टी नावाचं संकुल आहे. तिथं ज्येष्ठांची घरं आहेत, बालसंगोपन केंद्र आणि ज्येष्ठांचं केंद्र शेजारी शेजारी आहे, खाली खाण्याचे गाळे. 2018 साली जागतिक वास्तुरचना महोत्सवात त्याला वर्षातल्या सर्वोत्तम इमारतीचा मान मिळाला. आमच्या या गावात तसं संकुल नको. अंगणवाडीच्या दाराबाहेर सहा फूट खोल पडवी आणि भिंतीलगत ओटा असला तरी पुरे, कारण येणारी माणसं तर रोज येतातच.

रेशन दुकानापुढं रांग होती. यंत्रावर म्हाताऱ्या बोटांचा ठसा लागत नाही, आयुष्यभर कापूस वेचून रेषा पुसट झालेल्या असतात. नववीतला एक मुलगा प्रत्येक आजीचं बोट ओल्या फडक्यानं पुसून, कोरडं करून, नेमक्या कोनात ठेवून देत होता. दुकानदारानं त्याला कामावर ठेवलेलं नव्हतं. तो आपल्या आजीसोबत आला होता आणि तिचं झाल्यावरही थांबला.

संध्याकाळी खांदशेकणी. घरच्या बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप लावून पळसाच्या पानांनी शेकतात, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. मैत्रिणीच्या सासऱ्यांकडं एकच जोडी उरली आहे, बाकीचं काम ट्रॅक्टरनं होतं. त्यांनी सहावीतल्या नातवाचा हात धरून बैलाच्या खांद्यावरच्या घट्ट्यावर फिरवला. जू जिथं टेकतं तिथं कातडी जाड होते, केस उडतात. “इथं धर. जोर नको लावू. त्याले कळते.” नातवानं हात काढला नाही, आजोबांनीही काढला नाही. मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही.

रात्री गावाच्या दुसऱ्या टोकाला बुद्धविहारात गेले. वर्षावास चालू आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पांढरी लुगडी नेसलेल्या पंधरा-वीस आज्या, त्यांच्या सुना, जमिनीवर लोळणारी बारकी पोरं. वाचायला आठवीतली एक मुलगी. बाबासाहेबांनी लिहिलेला धम्मग्रंथ समोरच्या चौरंगावर. एके ठिकाणी तिनं ओळ गाळली तर मागून एक आजी म्हणाल्या, “थांब वं माय, मधातलं राह्यलं.” त्या आजींना अक्षरओळख नाही. दर पावसाळ्यात ऐकून ऐकून त्यांना क्रम पाठ आहे. मुलीनं मागं जाऊन पुन्हा वाचलं. वाचणारीला ऐकणारीची गरज होती आणि ऐकणारीला वाचणारीची. कुठल्याही विरंगुळा केंद्रात मी हे पाहिलेलं नाही. विहाराला तीन पायऱ्या आहेत. एका बाजूनं कोणी तरी नळाचा पाइप वेल्ड करून कठडा केलाय, दोन उंचीचा, एक मोठ्यांसाठी आणि खाली एक मुलांसाठी. ज्या कुणा वेल्डरनं तो केला, त्याला मी मनापासून गुरू मानते.

घरी येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. शहरातले आम्ही लोक ‘पार परत आणा’ असं हौसेनं बोलतो. पण त्या पारावर पूर्वी बसायला कोण येऊ शकत होतं? बाया तिथं बसत नव्हत्या, आजही बसत नाहीत. विहारातल्या आज्यांच्या सासू-सासऱ्यांना तिथून लवकर पाय काढावा लागत होता. इथून तासाभरावर वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी 1928 साली सगळ्यांना खुलं केलं, तेव्हा ती देशभर बातमी झाली, याचा अर्थ बाकी दारं बंदच होती. पिढ्या एकत्र आणायच्या तर आधी कुणाच्या पिढ्या, हे विचारावं लागेल. आणि विहिरीवरच्या गप्पांची आठवण काढणाऱ्यांनी डोक्यावरची पाण्यानं भरलेली गुंडीही आठवावी. घरात नळ आला ते फार चांगलं झालं. बायकांना भेटायला जागा मात्र आता वेगळी, ओझ्याशिवायची, करून द्यायला हवी.

शुक्रवार : पोळा

सकाळपासून पाऊस, दुपारी उघडला. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून आखरावर आणले. आखर म्हणजे गावाबाहेर गुरं जमायची मोकळी जागा, मुरूम आणि चिखल, बाकी काही नाही. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, त्याखाली बैलांची रांग. जोड्या पूर्वीच्या मानानं फार कमी. झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची सवाल-जवाबाची कवनं, सुरू झाल्या. एकानं म्हणायची, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं, आणि प्रत्येकीच्या शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. म्हणणारे सगळे साठीच्या पुढचे. तरुण पोरं रेकॉर्डिंग करत होती. मग तोरण तुटलं, पोळा फुटला आणि बैल घरोघरी निघाले.

इथून पुढं मी घरं पाहत चालले. जिथं जुना ओटा आहे तिथं सासू, सून, मुलगी तिघी ताट घेऊन उभ्या. बैलांच्या पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, तोंडात पुरणपोळी. जिथं नवं सिमेंटचं घर आणि कंपाउंडची भिंत, तिथं लोखंडी फाटक उघडून एकटी सून बाहेर येत होती, आजी आत खिडकीत. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल आयुष्यभर सांगत आलेत की रस्त्याचं जिवंतपण त्याच्या कडांवर असतं. ओटा ही आपल्या गावांची कड आहे. तो पाडून भिंत बांधली की घरातलं सर्वांत म्हातारं माणूस सर्वांत आधी रस्त्याला मुकतं.

शनिवार : तान्हा पोळा

या दिवसासाठीच मी आले होते. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा, लाकडी बैलांचा. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला म्हणून सांगतात. विदर्भाबाहेरच्या वाचकांना तो फारसा ठाऊक नसतो.

सकाळी मैत्रिणीच्या घरी बैल माळ्यावरून उतरला. सागवानी, फूटभर उंच, चार चाकांचा. हा बैल आजोबांच्या वडिलांनी सुताराकडून करून घेतलेला. एक शिंग नंतर बसवलेलं आहे, लाकडाचा रंग वेगळा दिसतो. आजोबांनी चाकांत तेल घातलं, आजींनी जुन्या जरीच्या काठाची झूल शिवली, नातवानं डोळे रंगवले आणि ते फारच मोठे झाले. “बिचकल्यावानी दिसते,” आजी म्हणाल्या. “मंग काय झालं, गर्दीत बिचकनच,” आजोबा म्हणाले. सकाळची तीन तासांची ही कार्यशाळा पडवीत चालली. आई मधून मधून रागावत होती, पण तिचंही लक्ष तिकडंच.

चार वाजता आखरावर, म्हणजे कालच्याच जागी. पहिली गोष्ट दिसली ती तोरण. कालच्याच दोन खांबांना, पण दोर खाली सरकवून बांधलेलं, माझ्या कमरेच्या जरा वर. कुणालाही ते सांगावं लागलं नव्हतं. बैल लहान, धरणारे लहान, म्हणून तोरणही खाली. आमच्या व्यवसायात याला मोठमोठी नावं आहेत, नियमावल्या आहेत. इथं एका माणसानं दोर सोडून दीड हात खाली बांधला आणि काम झालं.

मग मुलं आली. दोरीनं ओढत आणलेले बैल, कडेवर घेतलेले बैल, आणि एका पोराचा बैल त्याच्यापेक्षा मोठा, तो बापानं ढकलत आणलेला. मुलीही बऱ्याच होत्या, एक तर डोक्याला फेटा बांधून. मैत्रिणीच्या सासूबाई म्हणाल्या, “आमच्या टाइमले पोरी फक्त पाहत राहे.” रांग लावायचं काम गावातल्या निवृत्त शेतकऱ्यांकडं. त्यात किराणा दुकानाच्या पायरीवरचे माझे काकाही होते. काल-परवा बसून होते ते, आज काठी आडवी धरून पोरांना ओळीत उभं करत होते आणि आवाज चांगला खणखणीत लागला होता.

झडत्यांची पाळी आली. पोरांना त्या अर्ध्याच येतात. दुसरी-तिसरीतला एक मुलगा पहिल्या दोन ओळी जोरात म्हणाला आणि अडला. डोळे भरले. मागून काकांनी हलक्या आवाजात पुढचा शब्द दिला. मुलगा तिथून पुढं सुटला तो शेवटापर्यंत. सगळ्यांनी गजर केला. मग दुसरा आला, त्यालाही काकांनी शब्द दिला. काही वेळानं मुलं अडायच्या आधीच काकांकडं बघू लागली. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर, हे मला नंतर कळलं. त्यांना बसायला तिथं काहीही नव्हतं, आणि ते दीड तास बसलेच नाहीत.

त्यानंतर बोजारा. पोरं बैल घेऊन घरोघरी जातात, म्हातारी माणसं बैलाला ओवाळून पोरांच्या हातावर पैसे ठेवतात. कुणी दहा, कुणी पन्नास, कुणी चॉकलेट. आजींनी यासाठी महिनाभर सुटी नाणी जमवली होती. ज्या घरी आज्या-आजोबा एकटेच राहतात, मुलं पुण्याला, तिथंही सगळी पोरं गेली. एका दारात आजोबा पोरांना नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव विचारून मगच पैसे देत होते. त्यांना गावातल्या नव्या पोरांची अशी वर्षातून एकदा ओळख होते.

मी आखराच्या कडेला दगडावर बसून हिशेब मांडत होते. जागा काय, तर मोकळा मुरूम, दोन खांब, एक दोर, कडेनं चार झाडं, आणि चारही बाजूंनी यायला वाट. कॅनडातले गिल पेन्यालोसा शहरांना एक कसोटी लावायला सांगतात : आठ वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला चालेल अशी जागा सगळ्यांनाच चालते. आखर या कसोटीला अर्धा उतरतो. सावली आहे, रस्ता ओलांडावा लागत नाही, पण बसायला जागा नाही, संडास नाही, चढ निसरडा आहे. सार्वजनिक जागांसाठी सरकारी मार्गदर्शक नियमांत उतार 1:12 धरलाय. तसा एक उतार, एक कठडा आणि कडेनं रुंद ओटा केला तर उरलेला अर्धाही जमेल. ॲमस्टरडॅममध्ये आल्दो फान आयक यांनी 1947 ते 1978 या काळात सातशेहून जास्त खेळाच्या जागा केल्या. पडीक कोपरे, गल्लीतले तुकडे, बहुतेकांना कुंपण नाही. वाळूच्या खड्ड्याची कड त्यांनी मुद्दाम रुंद ठेवली. मूल त्यावर वाळूचे किल्ले थापतं आणि मोठं माणूस त्याच कडेवर बसतं. आपले जुने पार बांधणाऱ्यांना हे माहीत होतं, आणि आम्ही शिकलेल्यांनी त्यावर फरशी बसवली.

पण खरा मुद्दा ओट्याचाही नाही. काकांना गुरुवारी जागा नव्हती म्हणून ते पायरीवर होते. शनिवारीही जागा नव्हती, पण काम होतं. मागणीपत्रातला ‘विरंगुळा’ म्हाताऱ्या माणसांना काम नसलेलं गृहीत धरतो. त्यांच्याकडं जे आहे ते मागायला मूल यायला हवं, आणि ते मागता येईल अशी जागा हवी. माझ्या आराखड्यात मला एवढंच आणायचं आहे.

रविवार : मोझरी

आर्वी, तळेगावमार्गे अमरावती जिल्ह्यात. तुकडोजी महाराजांनी 1935 साली स्थापन केलेलं गुरुकुंज. सामुदायिक प्रार्थनेचा त्यांचा आग्रह विदर्भातल्या गावागावांत अजून टिकून आहे. कित्येक खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळाची एक साधी खोली असते आणि संध्याकाळी तिथं खंजिरी वाजते. मोझरीत एका ओळीत बारा-तेरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे गृहस्थ शेजारी बसून खंजिरी वाजवत होते. मुलाचा ताल चुकला की गृहस्थ स्वतःचा हात सावकाश करत.

याच जिल्ह्यात शेंडगावला 1876 साली गाडगेबाबा जन्मले. गावात शिरल्यावर आधी झाडू हातात घेणारा हा माणूस मला या सगळ्या प्रवासात सारखा आठवत होता, कारण जिथं जिथं विचारलं ‘ही जागा कोण झाडतं?’ तिथं तिथं जागेची खरी अवस्था कळली. आखर गाव झाडतं, विहार बाया पाळीपाळीनं झाडतात, बाग कंत्राटदार झाडतो, म्हणजे झाडली जात नाही.

सोमवार : गडचिरोलीच्या वाटेवर

नागपूर, उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, वैनगंगा ओलांडून आरमोरी, गडचिरोली. कापूस मागं पडून धान सुरू झालं. दिवस बसमध्येच गेला. शेजारच्या गृहस्थांनी झाडीपट्टीच्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या भागाच्या, नाटकांबद्दल भरभरून सांगितलं. दिवाळीपासून होळीपर्यंतचा हंगाम, वडसा गावच्या नाटक मंडळ्या, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. “आमच्याकडं नाटक मनजे पावना आला पायजे जी,” ते म्हणाले. लेकी माहेरी येतात, आजी घोंगडी घेऊन पुढच्या ओळीत, पोरं तिच्या मांडीवर झोपलेली, पहाटेपर्यंत. 2023 साली या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या गावात दिवाळी झाल्याचं ते सांगत होते. आणि जागा? कापणी झालेलं शेत. रात्रीपुरता मंडप, सकाळी पुन्हा शेत. एकरभर बागेचा इंच न् इंच कायमच्या बांधकामानं भरायची आपली घाई मला त्या क्षणी अगदी चुकीची वाटली.

मंगळवार : मेंढा (लेखा)

धानोरा तालुक्यातलं सुमारे शंभर घरांचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. मी आले ते घोटुल पाहायला. गोंड परंपरेत तरुण मुलामुलींनी जमायची, शिकायची ही जागा. 1980च्या दशकात गावानं ती पुन्हा उभी करायचं ठरवून जंगलातलं लाकूड आणलं, तर वनखात्यानं बांधकाम पाडलं. मग आजूबाजूच्या गावांनीही साथ दिली आणि घोटुल पुन्हा उभं राहिलं. आता गावाच्या बैठका तिथं होतात.

छप्पर, खांब, जमीन. भिंती नाहीत, म्हणजे कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवता येत नाही. आज बैठक नव्हती. एक वृद्ध दोर वळत बसले होते, शाळेतून आलेल्या दोन मुली दप्तर टाकून त्यांच्याजवळ बसल्या आणि दोराचं एक टोक एकीनं आपण होऊन धरलं. गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकही माणूस नाही म्हणाला तर विषय थांबतो. त्यामुळं बैठका लांबतात, आणि लांबतात म्हणून म्हाताऱ्यांना पाठ टेकायला खांब लागतो, बायांना तान्हं मूल निजवायला जागा लागते, पोरांना मध्येच उठून खेळून परत यायला उघडी बाजू लागते. घोटुलात हे सगळं आहे.

परतीच्या बसमध्येच आराखडा बदलला. आतली कुंपणं चारही काढली. निधी चार शीर्षकांखाली येतो, त्यामुळं कागदावर चार नावं राहू देत, जमिनीवर भिंत नको, असं मुख्याधिकाऱ्यांना फोनवर सांगितलं. मधला भाग मुरुमाचा, मोकळा, तोरणाला दोन खांब आणि खांबांना तीन उंचीवर कड्या. बाजाराचे जुने दगडी ओटे पाडायचे नाहीत, तेवढेच 44 सेंटिमीटरवर आणून कडेनं गावभर दिसतील असे ठेवायचे, बायांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर. कठडा दोन पाइपांचा. शेजारी भाड्याच्या खोलीत भरणारी अंगणवाडी जागेच्या कडेला आणायची आणि तिला खोल पडवी. व्यायामाची यंत्रं दोनच, पाठ असलेली. फाटक नाही, त्यामुळं चावीचा प्रश्न नाही. झाडणार कोण, हे मात्र मी एकटी ठरवू शकत नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी गणपतीनंतर सभा लावायचं कबूल केलंय. सभागृहात पडद्यावर नकाशा दाखवण्याऐवजी जागेवर चुन्यानं तो खराखुरा आखायचा, आणि लोकांनी त्यातून चालून, बसून बघून रेघा हलवायच्या, असं मी सुचवलं आहे. त्यांनी सकाळी अकराची वेळ सांगितली. त्या वेळी मुलं शाळेत असतात आणि बाया शेतात, म्हणून मी संध्याकाळी पाचची मागितली आहे.